तांबड्यांचा डबा

आमच्या कोल्हापुरात तांबड्याला मान आहे. रस्सा तांबडा लागतो, तालमीतली माती तांबडी लागते. भात मात्र पांढराशुभ्र. पंगतीत वाढलेल्या भातात एखादा तांबडा दाणा निघाला, तर शेजारचा म्हातारा तो बोटानं ताटाच्या कडेला सारायचा आणि वाढणाऱ्याकडं बघायचा. बोलायचा काही नाही. बघणंच पुरे असायचं.

आमच्या घरात तो दाणा रोजचा होता. वडील राधानगरी तालुक्यातले, आई घाटाखालची, फोंड्याच्या बाजूची. वडलांची नोकरी शहरात, म्हणून बिऱ्हाड शिवाजी पेठेत दोन खोल्यांत. मे महिन्यात आई माहेरी जायची आणि परतताना एसटीत तिच्या पायाशी एक गाठोडं असायचं. त्यात वालय. वालय म्हणजे सिंधुदुर्गातला जाडसर लाल तांदूळ. आजोळी रोज तोच शिजायचा. पांढरा सुरय तांदूळ वेगळ्या डब्यात, पाहुण्यांसाठी आणि नैवेद्यासाठी. देवानं आणि पाहुण्यांनी पांढरं खायचं, घरच्यांनी तांबडं, ही वाटणी कुणी केली हे आजीला विचारायचं राहून गेलं.

पाचवीत असताना एकदा मी तो भात शाळेच्या डब्यात नेला. शेजारच्या पोरानं डोकावून विचारलं, "मातीत सांडला हुता काय रं?" त्याचं काही चुकलं नव्हतं, दिसत होता तसाच. मी झाकण लावलं आणि डबा तसाच घरी आणला. भूक नव्हती म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात चपाती आली. आईनं काही विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं कळलं असणार.

पण मला आईची जास्त आठवणारी गोष्ट वेगळीच आहे. वडलांच्या गावाकडून येणाऱ्या पांढऱ्या तांदळात थोडे तांबडे दाणे मिसळलेले असायचे. भाताच्या रानात आपसूक उगवणारी तांबडी रोपं असतात, ती पांढऱ्यातच वाढतात. दिसायला सारखीच, म्हणून भांगलताना सुटतात. पाहुणे येणार असले की आई उंबऱ्यात सूप घेऊन बसायची. उजव्या हाताचं मधलं बोट तांदळावरून फिरायचं, तांबडा दाणा दिसला की अंगठ्याशी चिमटीत यायचा आणि डाव्या गुडघ्यापाशी ठेवलेल्या वाटीत पडायचा. टक्, टक्. बोलणं चालूच, नजर कधी गल्लीत, कधी आमच्या अभ्यासावर, आणि बोट आपलं काम करतंय. ती वाटी कचऱ्यात जायची नाही. डालड्याचा एक पिवळा डबा होता, त्यात रिकामी व्हायची. डबा निम्मा भरला की एखाद्या पावसाळी सकाळी, आम्ही शाळेला आणि वडील कामाला गेल्यावर, ती त्याची पेज करायची. एकटीसाठी. मला हे कळलं ते तापानं घरी राहिलो म्हणून. मलाही वाटीभर मिळाली, वर मीठ आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. बाकी सगळं कडू लागत होतं, ती पेज तेवढी गोड लागली.

एवढं सगळं आठवायचं कारण माझा रिपोर्ट. गेल्या वर्षी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचं सरासरी माप, ६.३ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यात, असं डॉक्टरांनी समजावलं. मी भात सोडायची मनाची तयारी करत घरी आलो, तर रिपोर्ट आधीच नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला होता आणि खाली एकोणीस सल्ले. त्यातले निम्मे एकच: लाल तांदूळ खा, काळा तांदूळ खा. मग लक्ष्मीपुरीत गेलो. धान्याच्या दुकानात इंद्रायणीच्या पोत्यांच्या रांगेत लाल तांदळाची एक छोटी गोणी होती. भाव विचारला. इंद्रायणीच्या दुप्पट. काळा त्याहून वर, तोही पाव किलोच्या चकचकीत पाकिटात. आईनं आयुष्यभर वेचून बाजूला काढलेला दाणा मी पैसे मोजून पिशवीत भरून घेतला. दुकानदार म्हणाला, "शुगरवाल्यांचा तांदूळ, साहेब. आता लई चालतो."

घरी आल्यावर, हिशेबाची सवय म्हणून म्हणा, हे नक्की काय प्रकरण आहे ते वाचत सुटलो.

भाताचा दाणा मुळात तांबडाच. रानटी भाताचा दाणा तांबडा असतो, पांढरा ही माणसानं निवडलेली चूक आहे. भातात आरसी नावाचं एक जनुक असतं, सालीला तांबडा रंग आणणारं. बहुतेक पांढऱ्या जातींत या जनुकाच्या डीएनएतली चौदा अक्षरं गळालेली आहेत, हे २००६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. अक्षरं गळाली, रंग थांबला, आणि कुणा जुन्या शेतकऱ्याला तो फिक्का दाणा आवडला. काळ्याची गोष्ट उलटी. तिथं काहीतरी नव्यानं घडलं आणि रंग चढला. जपानी संशोधकांनी त्या जनुकाला नाव दिलंय 'काला-४'. इंग्रजीतल्या एका लांबलचक वाक्याची ती आद्याक्षरं आहेत, आपल्या काळ्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी वाचताना मी मोठ्यानं हसलो.

दोन्हींत रंग असतो तो फक्त सालीत. लाल तांदळाचा दाणा दातांनी तोडून बघा, आत पांढराच. म्हणजे टरफल काढल्यावर जी पातळ साल आणि कोंडा राहतो, तो ठेवला तर रंग, घासला तर गेला. गिरणीत लाल तांदूळ दोनदा काढला की अंगावर नुसते गुलाबी पट्टे उरतात. दुकानातल्या त्या महागड्या गोणीतला निम्मा माल असाच पट्ट्यापट्ट्यांचा होता. पैसे सालीचे घ्यायचे आणि साल गिरणीत ठेवून यायची, हा धंदा चांगला आहे.

साल गेल्यावर काय होतं याचा जगातला सगळ्यात गाजलेला पुरावा कोंबड्यांनी दिलाय. १८९०च्या सुमाराला जावा बेटावर, आजच्या जाकार्तात, ख्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचं, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचं, कारण शोधत होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, आणि मग एक दिवस आपोआप बऱ्या झाल्या. शोधता शोधता कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला सडीक पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्यानं लष्कराचा तांदूळ असल्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि कोंबड्या पुन्हा साध्या, साल असलेल्या तांदळावर आल्या. एका आचाऱ्याच्या खडूसपणातून पुढं बी-वन जीवनसत्त्वाचा माग लागला आणि १९२९ साली आइकमनला नोबेल मिळालं. आचाऱ्याचं नाव कुठं दिसत नाही. आणि आमच्या आजोळचे लोक भात उकडून मग सडायचे, त्यात टरफलासकट उकडताना सालीतलं हे जीवनसत्त्व बरंचसं दाण्याच्या आत शिरतं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

एवढं वाचून मी लाल तांदळाच्या प्रेमात पडलो आणि रोज दोन वाट्या भात खायला लागलो. आधी एक खायचो. लालच आहे, काय होतंय! तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ६.४. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "रंग बघू नका. वाटी बघा."

मग जरा शांतपणे आकडे पाहिले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम सडीक तांदळात तंतू सुमारे २.८ ग्रॅम, बिनपॉलिशच्या तांदळात ४.४. प्रथिनं आठाच्या जागी नऊ. उष्मांक जवळजवळ तेवढेच. फरक आहे, नाही असं नाही, पण जोंधळ्यात तंतू सुमारे १० ग्रॅम असतात. तंतूच हवे असतील तर कोल्हापूरच्या माणसानं गुमान भाकरी खावी. मी आता रात्री तेच करतो. लाल-काळ्याची खरी मिरास तंतूंपेक्षा त्या रंगात आहे. काळ्यात अँथोसायनिन, म्हणजे जांभळाला जांभळं करणाऱ्याच घराण्यातलं, आणि लालमध्ये प्रोअँथोसायनिडिन, चवीला तुरट. प्रयोगशाळेत ही मंडळी पेशींची झीज रोखताना दिसतात. आपल्या पोटात शिजून, पचून किती पोचतात हा वेगळा हिशेब, कारण शिजवताना काही भाग जातो आणि काही पाण्यात उतरतो. म्हणून भिजवलेलं पाणी फेकू नये, त्यातच भात लावावा. आणि रक्त कमी असलेल्या पोरींना 'लाल आहे म्हणजे लोह' असं सांगून हा तांदूळ खाऊ घालणाऱ्या मावश्यांना हात जोडून सांगायचंय की सालीतलं फायटिक आम्ल आणि तो तुरटपणा, दोन्ही लोह अडवून धरतात. वर लिंबू पिळा, थोडं तरी सुटेल.

ग्रुपवर अजून एक फिरत असतं: लाल तांदळानं कोलेस्टेरॉल उतरतं. तो तांदूळ हा नव्हेच. चीनमध्ये साध्या पांढऱ्या तांदळावर एक लाल बुरशी वाढवतात, त्याला रेड यीस्ट राइस म्हणतात. त्या बुरशीत जे तयार होतं ते म्हणजे लोव्हास्टॅटिन, डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ती गोळीच. वालयच्या पेजेचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तर आत्याबाईंनी चरकाचा दाखला टाकला. दाखला खरा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात साऱ्या शूकधान्यांत, म्हणजे भात-गव्हासारख्या धान्यांत, लाल साळ सर्वांत पथ्यकर म्हटलीय. पण ती पथ्यकर होती दिवसभर रानात राबणाऱ्याला. खुर्चीत बसून जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्याबद्दल चरकानं काही लिहिलेलं नाही.

तर मग मी हा तांदूळ का खातो? चवीसाठी. हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

पांढरा भात स्वतः काही बोलत नाही, आमटी बोलते. तांबडा भात बोलतो. भरडा लागतो, दाताखाली साल फुटल्याचं जाणवतं, आणि चावत राहिलं की मागून एक गोडी येते, भाजक्या शेंगेच्या लाल सालीसारखी, किंचित तुरट. वास आजऱ्याच्या घनसाळ तांदळासारखा लांबून येत नाही. झाकण काढल्यावर तेवढा येतो, सुगीत ओल्या पेंढ्यावर ऊन पडल्यावर येतो तसला. याला तूप-वरण चालत नाही, दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. याला हुलग्याचं माडगं लागतं, सुकटीची चटणी लागते, नाहीतर सरळ दही आणि कांदा-लसूण चटणी. तांबड्या रश्श्याशी तर याचं असं जमतं की इतकी वर्षं आपण पांढऱ्या भातावर रस्सा का ओतत होतो असं वाटावं. रस्सा सालीवर थांबतो, लगेच खाली जाऊन ताटभर पसरत नाही. सहा-सात तास भिजवायचा, तांदळाच्या तिप्पट पाणी, आणि घाई करायची नाही. कुकरपेक्षा जाड बुडाचं पातेलं बरं. शेवटी वरचं निवळ काढून त्यात मीठ टाकून प्यायचं. आईच्या भाषेत ते 'निवळ', आमच्या पेठेत 'पाणी'.

काळ्या तांदळानं मात्र माझी अब्रू घेतली. मेहुणे जेवायला येणार होते. मी मणिपूरचा चाखाव आणला. याला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि नावाचा अर्थच 'चविष्ट भात'. तिकडं त्याची खीर करतात, जांभळीगार. आमच्याकडं मटणाचा बेत होता, म्हणून मी ऐटीत काळा भात वाढला आणि शेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवली. मेहुण्यांनी रस्सा भातावर ओतला. नारळाच्या दुधाचा, काजू-खसखशीचा तो पांढरा रस्सा डोळ्यांदेखत राखाडी झाला, मग जांभळट, मग शाळेतल्या शाईच्या दौतीत पाणी पडल्यावर होतो तसला. पंगतीत कुणी काही बोलेना. शेवटी मेहुणे म्हणाले, "पाव्हणं, मटण झ्याक हाय. पण शाईपेन कुठं धुतलासा?"

चव वाईट नव्हती हे मी आजही सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या भातात दही कालवलं तर तो गुलाबी झाला. नातीनं विचारलं म्हणून मग एक खेळच केला. भिजवलेल्या काळ्या तांदळाचं पाणी दोन पेल्यांत ओतलं. एकात लिंबू पिळलं, लालभडक. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा, निळसर हिरवट. तांदूळ नुसता रंगवलेला नाही ना हे बघायलाही ही युक्ती कामाला येते. नातीला एवढं आवडलं की तिनं माझा पाव किलो तांदूळ प्रयोगात संपवला. त्या तांदळाचा सगळ्यात चांगला उपयोग तोच झाला.

नावांवर मात्र भुलू नये. आमच्या आजरा-चंदगडकडं काळा जिरगा होतो, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडं काळभात. ऐकणाऱ्याला वाटतं हाही काळा तांदूळ. तसं नाही. काळं असतं ते वरचं तूस, आतला तांदूळ पांढरा आणि वासाचा. आजऱ्याच्या घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही वासासाठीच. राहीबाई पोपेरेंनी अकोले तालुक्यात जुनी बियाणी सांभाळली म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा काळभाताचं नाव शहरात पोचलं. पण बियाणं घरात सांभाळणं आणि ते रानात परवडणं यात अंतर आहे, हे मला माझ्या चुलतभावानं शिकवलं.

गेल्या वर्षीच्या रोहिणीत मी त्याच्या मागं लागून दहा गुंठ्यांत तांबडं पेरायला लावलं. धूळवाफ पेरणी, बियाणं घाटाखालून आणलेलं, आईच्या भाच्यानं दिलेलं. जुनी जात, छातीपर्यंत वाढली. बघायला काय सुरेख! भावानं शेजारच्या इंद्रायणीबरोबर सवयीनं युरियाचा हात तिकडंही मारला. जुन्या उंच भाताला तो सोसत नाही. सप्टेंबरात दोन दिवस वारं-पाऊस लागला आणि सगळं भात लोळलं. जग १९६६ नंतर आयआर-८सारख्या बुटक्या जातींकडं का धावलं ते मला बांधावर उभं राहून कळलं. दहा गुंठ्यांत इंद्रायणी जिथं साडेचार-पाच क्विंटल उतरते, तिथं तांबडं अडीच भरलं. वर कापणीआधीच पिकलेले दाणे गळून रानात पडलेले. यंदा तेच उगवून त्याच्या इंद्रायणीत मिसळले. सरकारी खरेदीच्या मापात तांदळात लाल दाणा तीन टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापुढं माल नापास. खडा, तुकडा, डागी दाणा यांच्या पंगतीला लाल दाणा बसवलेला आहे. गिरणीवाल्यानं हात लावून बघितलं आणि भाव पाडला. भाऊ फोनवर म्हणाला, "आण्णा, तुमच्या शुगरपायी माझं रान तांबडं झालं बघा."

मी त्याचं सगळं तांबडं विकत घेतलं. लक्ष्मीपुरीच्या भावानं. तरीही त्याचं नुकसान भरून निघालेलं नाही. आता तो ते पुन्हा पेरणार नाही म्हणतो, आणि मला आग्रह करवत नाही.

त्यातलं अर्धं पोतं गेल्या आठवड्यात गिरणीतून काढून आणलं. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी पिशवी उघडून ठेवली आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर ती सूप घेऊन उंबऱ्यात बसलेली. मधलं बोट फिरतंय, चिमटीत दाणा येतोय, गुडघ्यापाशी वाटी. जवळ जाऊन बघितलं तर वाटीत पांढरे.

"अगं, राहू देत की. खायचेच आहेत."

"ह्यात पांढरे मिसळल्यात," ती म्हणाली आणि वेचत राहिली.

दुपारी तिनं सांगितलं तशी पेज केली. तिनं पहिला घोट घेतला, थोडी तोंडात घोळवली, दोन-तीन दाणे जिभेवर फिरवून चावले. मी वाट बघत होतो.

"बाबल्यानं बियाणं खरं दिलंय," ती म्हणाली. "पण गिरणीत दोनदा काढलास. एकदाच काढायला सांग."

आणि लोणच्याची बरणी पुढं सरकवली.